पूर्ण म्हणजे पूर्ण

सुगी आली की भोरच्या बाजारात विळ्यांना धार लावून घेणाऱ्यांची गर्दी होते, आणि तिच्यामागोमाग माझ्या दुकानात बोटं कापलेल्यांची. माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळीच्या मागेपुढे दिवसभर मी चिकटपट्ट्या आणि मलमं देत असते, आणि काउंटरवरचा मोबाईल सारखा थरथरत असतो. मोबाईलवर भाताचं काही नसतं. कुणी नागपूरहून, कुणी इचलकरंजीहून, कुणी थेट दुबईहून एकच विचारत असतं: मॅडम, उरलेलं कधी येणार?

उरलेलं म्हणजे भानुदासांचं. संगीतकार भानुदास. चित्रपटाच्या सुरुवातीला एवढंच नाव यायचं, आडनाव नाही. एके काळी त्यांची गाणी लग्नाच्या बँडपासून जत्रेतल्या पाळण्यापर्यंत सगळीकडे वाजायची, आणि प्रत्येक गाण्यात बासरी असायचीच. पण आम्हा संग्राहकांना त्या गाण्यांचं फारसं काही नाही. आम्हाला हवे असतात त्यांचे शेवटचे तीन चित्रपट. ते फारसे कुणी पाहिले नाहीत, त्यांत एकही गाणं नाही, आणि त्यांचं पार्श्वसंगीत तेव्हा एका कॅसेटवर अर्धंमुर्धं निघालं आणि विस्मरणात गेलं. ते सगळं, एकही तुकडा न वगळता, नव्याने निघावं म्हणून आम्ही काही माणसं मोबाईलवर गट करून वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आलो. गटात बाई मी एकटीच. सुरुवातीला बरेच महिने सगळे मला 'सर' म्हणत होते. मी दुरुस्त केलं नाही, कंटाळा आला.

या तिन्हींतला पहिला चित्रपट मी भोरला थिएटरात पाहिला होता, तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. पडद्यावर एक बाई कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडते. मागे फक्त चेलो वाजतो, म्हणजे ते व्हायोलिनच्या थोरल्या भावासारखं, खर्जात बोलणारं वाद्य. मध्येच तेही थांबतं आणि ती बाई तशीच चालत राहते. घरी आल्यावर आईनं विचारलं, कसा होता, तर मला सांगता येईना. सांगता आलं असतं तर इतकी वर्षं त्याच्या मागे लागले नसते.

परवा वेल्ह्याला जायचं काम निघालं. नसरापूर सोडलं आणि एसटीच्या खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आत आला. ओला, गोडसर, थोडा मातीचा, थोडा शिजायला लावलेल्या इंद्रायणीचा. दोन्ही बाजूंना खाचरं अर्धी पिवळी उभी, अर्धी कापून आडवी. त्या वासानं मला दोन वर्षांपूर्वीची सुगी आठवली, आणि ती आठवली की आजही माझं डोकं तापतं.

त्या वर्षी काय झालं, तर ज्या कंपनीकडे या संगीताचे हक्क आहेत तिथल्या माणसानं एकदाचं उत्तर दिलं. मूळ फिती मिळवा, घरच्यांचा होकार आणा, आम्ही काढतो. फिती कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. भानुदास मूळचे राजगडाच्या पायथ्याच्या पालीजवळच्या एका वाडीचे. म्हातारपणी ते मुंबई सोडून तिथं परत आले होते. मुंबईचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथल्या लोकांनी टाकायला काढलेल्या फिती त्यांनी टेम्पोत घालून गावी आणल्या होत्या. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी सुमनताई. तिचं सासर शेजारच्याच वाडीत, त्यामुळे वडलांचं घर आणि वडलांची खाचरं दोन्ही तिच्याच गळ्यात.

मी सुमनताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की सुगी उरकू द्या, मग बघू. यात न समजण्यासारखं काय आहे? पण ते मी गटात कळवलं आणि गट पेटला. इतकी वर्षं थांबलो, आता भातासाठी थांबायचं? एकानं विचारलं की कापणीला माणसं लावता येत नाहीत का. दुसऱ्यानं विचारलं, सुगी नक्की कोणत्या तारखेला संपते. मी दुकानात खोकल्याचं औषध देता देता त्याला लिहिलं की पाऊस ज्या तारखेला थांबेल त्याच्या पुढे. कारण त्या वर्षी दसरा झाला तरी परतीचा पाऊस हटत नव्हता. पिकलेलं भात खाचरात आडवं पडलं होतं आणि लोंब्यांना पाण्यातच मोड यायची भीती होती. रोज संध्याकाळी गडावर ढग यायचे आणि रोज सकाळी माणसं वर बघत उभी राहायची. अशा दिवसांत एका बाईला आम्ही फितींबद्दल विचारत होतो.

आमच्या गटाचे पुढारी पुण्याचे अविनाशराव. निवृत्त इंजिनिअर, ध्वनिफितींतलं सगळं त्यांना कळतं, आणि माणसांतलं, मला तेव्हा वाटायचं, काहीच कळत नाही. त्यांना धीर धरवला नाही. पावसानं उघडीप दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते गाडीत यंत्रं भरून निघाले आणि निघाल्यावर मला कळवलं. मी दुकान भाचीवर सोपवून एसटीनं मार्गासनीला आणि तिथून भाताची पोती घेऊन परतणाऱ्या टेम्पोत बसून पालीला गेले. पोचले तेव्हा अविनाशराव अंगणाच्या कडेला बूट चिखलात रुतवून उभे होते. सुमनताईंना ते गडावर निघालेले पाहुणे वाटले होते. त्यांनी अविनाशरावांच्या हातात एक काठी दिली होती, वाट निसरडी आहे म्हणून बजावलं होतं, आणि परत खळ्यावर निघून गेल्या होत्या. अविनाशराव ती काठी धरून तसेच उभे.

सुमनताई साठीच्या आसपासच्या, उंच, काटक. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगभर भाताचं कुसळ. मी ओळख करून दिली. त्यांनी पाणी दिलं, चहा केला, आणि सरळ सांगितलं की फितींची पेटी माळ्यावर आहे, हवं तर बघा, पण घराबाहेर जाणार नाही. पूर्वी कुणीतरी प्रदर्शनात ठेवतो म्हणून आबांची, म्हणजे वडलांची, बाजाची पेटी नेली होती, ती परत आली नाही. अविनाशरावांनी समजावलं की या फिती जुन्या झाल्यात, ओल धरलीय, आधी हलक्या उबेवर वाळवल्याशिवाय वाजवल्या तर त्यांच्यावरचा थर निघून येईल आणि सगळं संपेल. ते पुण्यात नीट करता येईल. सुमनताई म्हणाल्या, मग इथं करा.

म्हणून अविनाशराव रोज पुण्याहून येऊ लागले. फळं सुकवायचं एक यंत्र त्यांनी ओटीवर मांडलं आणि त्यात फिती ठेवल्या. सुमनताईंनी विचारलं की ह्यात कुरडया वाळत्यात का. ते म्हणाले, वाळतील. ते खरं की थट्टा, कुणालाच कळलं नाही. दिवसातून कितीदा तरी वीज जायची आणि अविनाशराव डोक्याला हात लावून बसायचे. बाहेर सावडीनं, म्हणजे आज माझ्याकडे उद्या तुझ्याकडे अशा बोलीवर आलेली माणसं भात झोडत होती. फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज एकामागून एक येत राहायचा आणि ओटीवर बारीक धूळ उडून यायची. अविनाशरावांना ती धूळ यंत्रात जायला नको होती. त्यांनी एकदा विचारलं, झोडणी जरा पलीकडे घेता येईल का. सगळे हात थांबले. मीच मान खाली घातली.

आणि गटात? गटात रोज विचारणा. आज किती फिती झाल्या, फोटो टाका, डब्यावर काय लिहिलंय. त्यातच दोघांचं जुंपलं होतं. शेवटच्या तीन चित्रपटांत बासरी का नाही, हा आमच्याकडचा जुना वाद. एकाचं म्हणणं, भानुदासांचा लाडका बासरीवादक गेला, त्या दुःखात त्यांनी बासरी सोडली. दुसऱ्याचं म्हणणं, ती साधना होती, एकेक स्वर टाकून देत ते शांततेकडे निघाले होते. त्यावर त्यानं लांबलचक लेखही लिहिला होता. मला तो आवडला होता, हे आता सांगायलाही वैताग येतो.

पहिली फीत वाजायच्या दिवशी ऊन चांगलं होतं. झोडणी उरकत आली होती. सुमनताई हात धुऊन ओटीवर येऊन बसल्या. वडलांचा आवाज ऐकून त्यांना फार वर्षं झाली होती. अविनाशरावांनी यंत्र सुरू केलं. खुर्च्या सरकल्याचे, कुणी घसा साफ केल्याचे आवाज आले, आणि मग भानुदास बोलले, की नदीचा प्रसंग घेऊया, बासरीनं सुरुवात करा.

बासरी वाजू लागली. फार गोड होती. मधेच भानुदास म्हणाले, "वाजव की रे. कशाची वाट बघतोस?"

वादक म्हणाला, "वाजवतोय, दादा."

पुन्हा बासरी. पुन्हा भानुदास म्हणाले, आता थोडे चिडून, की सुरू कर. वादकानं पुन्हा सांगितलं, वाजवतोय. आणि मागून कुणीतरी हसलं. मग आणखी एक जण. दाबलेलं, नाकातून येणारं हसू. थोडा वेळ फितीवर तेवढंच होतं.

मग भानुदास हलक्या आवाजात म्हणाले, "बासरी नको. काढून टाका. चेलो घ्या."

आणि ते हसू अजून पुरतं विरलं नव्हतं तोच चेलो सुरू झाला. नदी ओलांडणाऱ्या बाईचा तोच तुकडा. मी तो हजार वेळा ऐकला असेन, पण चित्रपटात त्याची सुरुवात पाण्याच्या आवाजाखाली दबलेली असायची.

अविनाशराव उठून उभेच राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. हा शोध आहे, हे सगळ्यांपर्यंत गेलं पाहिजे, इतक्या वर्षांच्या वादाचं उत्तर मिळालं, असं ते भराभर बोलत होते. सुमनताई उठल्या, खळ्यावर गेल्या आणि पेंढा रचू लागल्या. मी त्यांच्यामागे गेले. पेंढा रचता रचताच त्या म्हणाल्या की घरात सगळ्यांना माहीत होतं. कुकरची शिटी वाजली तरी आबांना कळायची नाही. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक गेले होते. कुणाला सांगू नका, काम जाईल, असं त्यांनीच बजावलं होतं. काम संपलं, गावी आले, तरी ती बंदी त्यांनी उठवली नाही. आणि मुलीनं ती आजवर पाळली होती.

दुपारी अविनाशरावांनी विषय काढला. पूर्ण आवृत्ती म्हणजे पूर्ण, त्यात स्टुडिओतलं बोलणंही आलं पाहिजे, कारण जगभर संग्राहक त्यासाठीच जीव टाकतात. तोडून काढलं तर तो इतिहासावर अन्याय होईल. सुमनताईंनी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं.

"साहेब, वाजवल्यालं तुमचं," त्या म्हणाल्या. "बोलल्यालं आमचं. माझ्या बापाला लोक हसत्यात, ते मी जगाला ऐकवायचं व्हय?"

अविनाशराव म्हणाले की हसणारे खुजे ठरतात, तुमचे वडील नाही. बासरी ऐकू येत नाही हे कळल्यावर ज्या माणसानं तिथल्या तिथे असला तुकडा उभा केला, तो केवढा मोठा. आता हे खोटं नव्हतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच मला दोघांचाही राग आला. एकाला आपलं म्हणणं खरं असलं की ते बोलूनच दाखवायचं होतं. दुसरीला, वडील सोडून गेल्यावरही, त्यांची लाज पाठीवर वाहायची होती. आणि मधे मी, जिला दोघंही ताई म्हणून साक्षीला ओढत होते. मी म्हटलं, घर सुमनताईंचं, बाप सुमनताईंचा, त्या म्हणतील तसं. अविनाशरावांनी यंत्रं गाडीत भरली आणि न जेवता गेले.

पुढचे काही आठवडे गटात नुसती आग. अविनाशरावांनी काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नव्हतं, हे मात्र खरं. त्यांनी एवढंच लिहिलं की घरच्यांनी काही भाग वगळायला सांगितलाय. तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, वारसदारच कलेचे शत्रू असतात. कुणी म्हणालं, गावाकडच्या माणसांना याचं मोल काय. मी त्याला उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि शेवटी दुकानात आलेल्या एका बिचाऱ्या म्हाताऱ्यावर उगाच खेकसले.

मार्गशीर्ष लागला. खाचरं मोकळी झाली, बांधावर पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहिल्या. सकाळी धुकं इतकं दाट पडायचं की गडाची माची तेवढी वर तरंगताना दिसायची. आणि एक दिवस अविनाशराव मला दुकानात न्यायला आले. नसरापूरपाशी गाडी थांबवून म्हणाले की त्यांनी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. बायकोनं एवढंच विचारलं, तुम्ही सभेत कानाचं यंत्र का काढून ठेवता? मला तोवर माहीतही नव्हतं की ते कानाला यंत्र लावतात.

वाडीवर पोचल्यावर त्यांनी सुमनताईंना सांगितलं की तुम्ही म्हणाल ते सगळं बोलणं मी काढतो. पुन्हा ओटीवर यंत्रं मांडून ते काम त्यांनी फार जपून केलं. फक्त एका जागी अडलं. नदीच्या तुकड्यात हसू आणि चेलोचे पहिले स्वर एकमेकांत मिसळले होते. हसू पूर्ण काढायचं तर चेलोची सुरुवात तोडावी लागणार होती. त्यांनी दोन्ही प्रकारे ऐकवलं. हसू काढलेल्यात तो तुकडा मधूनच कुठूनतरी सुरू झाल्यासारखा वाटत होता, धक्का मारून आत ढकलल्यासारखा. सुमनताईंनी तो परत परत लावायला सांगितला. भाकरी थापता थापता ऐकला, हात थांबवून ऐकला.

"ऱ्हाऊ द्या हसनं," शेवटी त्या म्हणाल्या. "आबांनी सुरुवात केलीया ती मोडायची न्हाई. कोन कशापायी हसतंय, ते कुनाला कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नाही. कंपनीनं सगळ्या संगीताचा संच काढला तेव्हा गटात आनंद असा कुणाला झालाच नाही. मुखपृष्ठावरचा रंग चुकला होता. क्रम चित्रपटाप्रमाणे हवा होता की ध्वनिमुद्रणाप्रमाणे यावर दोन तट पडले. तिसऱ्या चित्रपटातला छोटासा तुकडा फितीवरच नव्हता, तर तो आम्हीच दडवला असं एकानं ठरवून टाकलं, आणि उरलेलं कधी येणार ही विचारणा तेव्हापासून आजतागायत चालू आहे. त्या सगळ्या कुरकुरीत एकाच गोष्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं. नदीच्या तुकड्याच्या आरंभी जे पुसटसं हसू ऐकू येतं, त्यावर तो लांब लेख लिहिणारा माणूस पुन्हा लिहिता झाला. स्टुडिओतलं ते आनंदी वातावरण, वादकांचं गुरूवरचं प्रेम, मैफिलीची ती ऊब. अविनाशरावांनी त्याला अंगठ्याचं चिन्ह टाकून पसंती दिली. मी मोबाईल औषधांच्या खोक्यात टाकून दिला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही.

संच घेऊन आम्ही दोघं वाडीवर गेलो तेव्हा उन्हाळ्याची सुरुवात होती. सुमनताईंनी कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं. अंगणात घोंगडी टाकून माणसं जमली होती. भानुदासांचं काहीतरी नवं आलंय म्हणताना सावडीतली सगळी घरं आली. अविनाशरावांनी ओटीवर स्पीकर मांडला. संगीत सुरू झालं. लोक ऐकत राहिले. बराच वेळ गेला. एका बाईनं हळूच शेजारणीला विचारलं की गाणं कधी लागणार. पोरं उठून खेळायला गेली. अविनाशरावांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

कोंडिबा तात्या म्हणून वाडीतले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ पुढेच बसले होते. ते भानुदासांचे बरोबरीचे, एका शाळेत गेलेले. ते सुमनताईंना म्हणाले, "भानूच्या गान्यात बासरी असायची. ह्यात कुठं न्हाई ती?"

मी सुमनताईंकडे पाहिलं. अविनाशरावांनीही पाहिलं. त्यांनी पदर सावरला.

"आबांना बासरी ऐकू येत न्हवती, तात्या," त्या म्हणाल्या. "शेवट शेवट बारीक आवाज ऐकूच येत न्हवता. कुनाला सांगितलं न्हाई त्यांनी."

स्पीकरवर चेलो चालूच होता. तात्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"आन आमी काय म्हनायचो," ते म्हणाले. "मुंबईला जाऊन मानूस शिष्ट झाला. हाक मारली तरी वळत न्हाई. मी दोन वर्सं बोललो न्हाई त्येच्याशी." मग टोपीवरून हात फिरवत म्हणाले, "सांगायचं तरी. जोरानं हाक मारली असती."

सुमनताई उठल्या, ओटीवर गेल्या आणि आवाज वाढवला.